गाडी बघताना आधीचा मालक बघा

ऑक्टोबर लागला, की मला फोन यायला लागतात. "ताई, गाडी घ्यायचीय. चारही चाकं ओढणारी. जुनी चालेल, पण बर्फात अडकायला नको." फोन करणारं बहुधा पुण्या-नाशकाकडून नुकतंच आलेलं एखादं जोडपं असतं, नाहीतर इथल्या विद्यापीठातून बाहेर पडून पहिली नोकरी धरलेला मुलगा. आमचं सिरॅक्यूज न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला आहे. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा सरोवराच्या उघड्या पाण्यावरून वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की तिचा बर्फ करून आमच्यावर ओततो. वर्षाकाठी सरासरी दहा फुटांहून जास्त बर्फ पडतो. अशा गावात मूल पाळणाघरात सोडून आठला कामावर पोचायचं, तर गाडीची निवड हा घरातला मोठा निर्णय ठरतो.

माझं माहेर कोल्हापूरचं. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ऑइलचा वास आणि खराब बेअरिंगचा आवाज मला लहानपणापासून ओळखता येतो. इथे संसार मांडल्यापासून आम्ही वापरलेल्या गाड्याच घेतल्या, त्याही चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते: कंपनी आणि मॉडेल नंतर बघू, आधी ती गाडी कोणी आणि कशी वापरली ते बघू. साध्या गाडीत आधीच्या मालकाची हयगय थोडक्यात निभावते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत तीच हयगय गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि बिल नव्या मालकाच्या हातात येतं.

चार चाकं काय देतात

बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. ती दोन चाकं निसरड्या बर्फावर आली, की जागच्या जागी गरगरतात. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये ताकद मागेही जाते; पुढची चाकं घसरली तर मागची ढकलतात. चढावरच्या सिग्नलला थांबून पुन्हा निघताना किंवा बर्फ सारणारा ट्रक घरासमोर ढीग लावून गेल्यावर त्यातून बाहेर पडताना या यंत्रणेचं मोल कळतं.

पण हिचं काम गाडी हलवण्याचं आहे, थांबवण्याचं नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबणं शेवटी टायरच्या रबराची रस्त्यावर किती पकड आहे त्यावर ठरतं. नव्या माणसाला इथेच फसवा धीर येतो. गाडी सुरेख निघते, वेग घेते आणि पुढच्या चौकात लाल दिवा लागल्यावर घसरत जाते. म्हणून मी सांगते, की चार चाकांच्या गाडीलाही हिवाळ्याचे टायर लागतात. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला, की उन्हाळी रबर कडक होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फातल्या चाचणीत उतरलेला आहे असं समजावं.

आता या यंत्रणेची नाजूक बाजू. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमची रांग चौकात वळते, तेव्हा आतल्या टोकाचा गडी जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकत सगळा चौक घेतो. दोघांना सारख्याच ढांगा टाकायला लावल्या, तर रांग तुटेल. गाडी वळताना तिची चारही चाकं अशीच वेगवेगळं अंतर कापतात. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळतं. पुढच्या आणि मागच्या चाकांतला फरक सांभाळायला मधे आणखी एक यंत्रणा लागते. सुबारू या जपानी कंपनीच्या ऑटोमॅटिक लेगसी सेडानमध्ये गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो. कॉम्प्युटर तो गरजेप्रमाणे घट्ट करतो किंवा सैल सोडतो.

समजा, चारांपैकी एक टायर जास्त घासलेला आहे. त्याचा घेर लहान, म्हणून तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. सरळ हायवेवरही त्या यंत्रणेला गाडी सतत वळत असल्यासारखं काम पडतं. चकत्या एकमेकींवर घासत राहतात, तापतात आणि झिजतात. सुबारूचं म्हणणं असं, की चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे असावेत आणि त्यांच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नसावा. टायरवाले ढोबळमानाने हाच हिशोब खाचांच्या खोलीत २/३२ इंच असा सांगतात. नव्या टायरची खाच साधारण १०/३२ इंच असते, हे लक्षात घेतलं म्हणजे ही सूट किती थोडी आहे ते कळेल.

बाजारात काय मिळतं

वर जिचा उल्लेख आला, त्या सुबारू लेगसीपासून सुरुवात करते. १९७० च्या सुमारास जपानच्या ईशान्येला तोहोकू भागातल्या वीज कंपनीला बर्फाळ डोंगरांत तारा दुरुस्त करायला जीपपेक्षा बरी, बंद आणि उबदार गाडी हवी होती. तिथल्या सुबारूच्या विक्रेत्याने एका व्हॅनला मागची चाकंही जोडून दिली. त्यातून १९७२ मध्ये चारही चाकांची लिओनी बाजारात आली. लेगसी आली १९८९ मध्ये. अमेरिकेसाठी ती इंडियाना राज्यात लाफायेतला तयार होत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून इथल्या प्रत्येक लेगसीत ऑल-व्हील-ड्राइव्ह यायला लागलं. २०२५ च्या मॉडेलनंतर कंपनीने ती बंद केली. यापुढे लेगसी घ्यायची म्हणजे दिवसेंदिवस वापरलेलीच घ्यायची.

हिच्यातलं इंजिन आडवं असतं. सिलिंडर डावी-उजवीकडे झोपलेले. २०१२ पर्यंतच्या २.५ लिटरच्या साध्या लेगसीत जुन्या पद्धतीचं इंजिन आहे. त्याचं हेड गॅस्केट गळण्याची तक्रार जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. शिवाय त्याचा टायमिंग बेल्ट १,०५,००० मैलांना बदलावा लागतो. तो तुटला तर इंजिन आतून मोडू शकतं. २०१३ पासून नवं इंजिन आलं, त्यात बेल्टच्या जागी चेन आहे. मात्र त्या पहिल्या वर्षाच्या काही गाड्या ऑइल जास्त खायच्या. त्यावर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीने वॉरंटी वाढवून दिली. २०१० पासून आलेल्या सीव्हीटी गिअरबॉक्सचीही वॉरंटी कंपनीने नंतर १० वर्षं किंवा १,००,००० मैल इतकी वाढवली होती. पहिल्या वर्षांच्या गाड्यांसाठी ती मुदत आता उलटली आहे. म्हणून मी २०१४ ची किंवा त्यापुढची गाडी बघायला सांगते.

लेगसीखेरीजही पर्याय आहेत. टोयोटाने २०२० च्या कॅमरीत, निसानने २०१९ च्या अल्टिमात आणि माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये ऑल-व्हील-ड्राइव्ह दिलं. फोर्डची फ्यूजनही तशी मिळते. यांची मागची चाकं गरज पडेल तशी कामाला लागतात. ऑडीची ए४ क्वाट्रो किंवा व्होल्वोची एस६० जुनी झाल्यावर मोहात पाडण्याइतकी स्वस्त होते, पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पगारातून भाडं, पाळणाघर आणि घरी पाठवायचे पैसे भागवणाऱ्या कुटुंबाला ती गाडी घ्या असं मी सांगत नाही.

"मग एसयूव्हीच का नको?" हा प्रश्न हटकून येतो. घरासमोरचा रस्ता उशिरा साफ होत असेल, तर उंच गाडीचा फायदा खरा आहे. सुबारूचीच आउटबॅक जमिनीपासून ८.७ इंच वर असते, तर लेगसी सहाएक इंच. पण शहरात राहणाऱ्या चौघांना तेवढ्याच वर्षांची, तेवढीच चाललेली सेडान बहुतेक वेळा कमी पैशांत मिळते आणि मागे तोंड करून बसवायची लहान मुलाची खुर्चीही लेगसीच्या मागच्या सीटवर नीट बसते.

लिफ्टवर चढलेली गाडी

गेल्या शरदात बारामतीचं एक जोडपं कडेवरच्या मुलासह माझ्याबरोबर गाडी बघायला आलं. २०१४ ची लेगसी, नव्वद हजारांवर मैल, रंग चकचकीत, आतल्या सीट नुकत्याच शाम्पू केलेल्या. नवऱ्याला गाडी बघताक्षणी आवडली. मी विक्रेत्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. डिपस्टिक ओढली, ऑइल खालच्या खुणेजवळ. किल्ली फिरवल्यावर आवाज साफ आला.

मग मी खिशातलं खोली मोजायचं पट्टीसारखं मापक काढलं आणि चारही टायरच्या खाचांत बाहेर, मधे, आत असं टेकवलं. तीन टायर ५/३२ इंचांवर होते. मागचा उजवा ८/३२ इंचांवर आणि वेगळ्याच कंपनीचा. पंक्चर झाल्यावर कोणीतरी एकच टायर बदलून वेळ भागवली होती. किती हजार मैल गाडी तशी पळाली, ते सांगायला कोणी नव्हतं.

वीसेक मिनिटं गाडी चालवून गरम केली आणि एका रिकाम्या, कोरड्या पार्किंगमध्ये नेली. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, पाय ब्रेकवर हलका ठेवून, अगदी सावकाश गोल फिरवायला सांगितलं. निरोगी गाडी असं फिरताना गुळगुळीत फिरते. ही दर अर्ध्या फेरीला अडखळत होती, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा झटका देत होती. तो मधला क्लच सुटत नसल्याचा हा इशारा.

तरीही आम्ही ती आमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली, कारण त्या दोघांना गाडीची खालची बाजू कशी वाचायची ते दाखवायचं होतं. ही तपासणी दीडशे डॉलरच्या आसपास पडते आणि गाडीखरेदीतला तो सगळ्यात शहाणा खर्च आहे. मेकॅनिकने दिवा धरला. मागच्या सबफ्रेमवर गंजाचे पापुद्रे होते. वरवरचा तांबूस गंज इथे प्रत्येक गाडीला असतो, त्याचं भय नाही. पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टणक आवाज न येता भुगा पडला, तर तो भाग आतून गेला. ब्रेकच्या बारीक नळ्या त्याने बोटाने चाचपल्या. त्यांच्यावरही फोड आले होते. मग इंजिन आणि हेड जुळतात ती खालची शिवण दाखवली. इंजिन आडवं असल्यामुळे गळती याच शिवणीवर ओलसर पट्ट्यासारखी दिसते. ती मात्र कोरडी होती.

बायकोने विचारलं, "ताई, किंमत कमी करून घेतली तर?" मी नको म्हटलं. टायर बदलता येतात, पण क्लच आणि सबफ्रेम मिळून गाडीच्या किमतीच्या जवळ खर्च गेला असता. काही आठवड्यांनी त्यांना २०१६ ची लेगसी मिळाली, एका निवृत्त शिक्षिकेची. मैल पहिलीपेक्षा जास्त होते, बंपरवर ओरखडे होते. पण बाईंनी ऑइल बदलाच्या पहिल्या पावतीपासून सगळे कागद तारखेनुसार लावून ठेवले होते, चार टायर एकाच दिवशी घेतल्याची पावती होती आणि दर शरदात खालच्या बाजूला तेलाचा फवारा मारल्याची नोंद होती. त्या जोडप्याने तीच घेतली.

कागद

मालकीहक्काच्या कागदाला इथे टायटल म्हणतात. त्यावर सॅल्वेज किंवा रीबिल्ट असा शेरा असेल, तर गाडी मोठ्या अपघातात किंवा पुरात सापडून विमा कंपनीने निकालात काढलेली होती. स्वस्त दिसली तरी सोडून द्यावी. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खाली १७ आकड्या-अक्षरांचा व्हिन क्रमांक असतो. तो घालून केंद्र सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे बाकी रिकॉल फुकट तपासता येतात. टकाटाच्या एअरबॅगचं रिकॉल अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. त्यात जुन्या लेगसीही होत्या. रिकॉल बाकी असतानाही गाडी विकली जाऊ शकते, म्हणून बघण्याची जबाबदारी आपली. दुरुस्ती डीलरकडे मोफत होते.

न्यूयॉर्क राज्यात डीलरकडून घेतलेल्या वापरलेल्या गाडीला कायद्याचं संरक्षण आहे. ३६,००० मैलांपुढची आणि ८०,००० च्या आतली गाडी असेल, तर ६० दिवस किंवा ३,००० मैल. ८०,००० ते १,००,००० मैल झालेल्या गाडीला ३० दिवस किंवा १,००० मैल इतकी वॉरंटी डीलरला द्यावीच लागते. लाखाच्या वर गेली, की ती नाही. खासगी माणसाकडून घेतली तरी नाही. तिथे तुमची तपासणी हीच वॉरंटी. शिवाय इथे नंबरप्लेट विकणाऱ्याकडे राहते. म्हणून आधी विमा, मग नोंदणी, मग गाडी घरी, असा क्रम लावावा. आमच्या काउंटीत विक्रीकर ८ टक्के आहे. तो खासगी व्यवहारातही नोंदणीच्या वेळी भरावा लागतो. तेवढी रक्कम बाजूला काढूनच किंमत ठरवावी.

घरी आणल्यावर

गाडी घेताना खिशातला शेवटचा डॉलर खर्च करू नये. नवे टायर चारच्या चार घ्यावे लागतात, त्यासाठी सहाशे ते हजार डॉलर हाताशी हवेत. एक टायर फुटला आणि बाकीचे तीन बऱ्यापैकी नवे असतील, तर काही टायरवाले नवा टायर मशीनवर घासून बाकीच्यांच्या मापाचा करून देतात. विचारलं तरच सांगतात, म्हणून विचारावं. दर ६,००० मैलांना ऑइल बदलताना टायरची पुढची-मागची जागाही बदलावी, म्हणजे चारही बरोबरीने झिजतात. हवेचा दाब महिन्यातून एकदा थंड टायरवर तपासावा.

ऑइल बदलायला दिलेल्या गाडीजवळ उभं राहावं, हा माझा आग्रह असतो. लेगसीत इंजिनाचं, सीव्हीटीचं आणि पुढच्या डिफरन्शियलचं तेल वेगवेगळं असतं आणि त्यांची बुचं जवळजवळ असतात. घाईत काम करणारा नवखा मुलगा इंजिनाऐवजी भलतंच बूच उघडतो आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो. नेहमीचा, या बनावटीची सवय असलेला मेकॅनिक धरावा. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल आणि ब्रेक फ्लुइड ३०,००० मैलांना बघून बदलावं. सीव्हीटीचं तेल कायमचं असतं, असं कोणी म्हटलं तरी आमचा मेकॅनिक साठेक हजार मैलांना ते बदलतो आणि मला त्याचं पटतं. बर्फातली ये-जा हा त्या गिअरबॉक्सवर मोठा भार असतो.

मिठाचा बंदोबस्त वर्षभर करायचा असतो. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ आणि मिठाचं पाणी टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पारा शून्याच्या वर आला, की लोखंड खायला लागतं. म्हणून हिवाळ्यात जरा ऊब आलेल्या दिवशी खालून फवारा मारणाऱ्या ठिकाणी गाडी धुवावी आणि एप्रिलमध्ये एकदा नीट. शरदात पोटाला तेलकट संरक्षक फवारा मारून घ्यावा. रबरासारखा कडक थर नको. तो फाटला, की त्याच्या आत पाणी साचून गंज लपून वाढतो.

गाडी बंद पडून टोइंग करायची वेळ आली, तर फोनवरच सांगावं, की चारही चाकं वर उचलणारा सपाट ट्रक पाठवा. दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर मधला क्लच जळतो. हे वाक्य घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ असावं.

एवढं केलं, तर अशी सेडान दीड-दोन लाख मैल कुटुंबाची सेवा करते. मग एक दिवस मुलं मोठी होतात, गरजा बदलतात आणि ती विकायची वेळ येते. तेव्हा तुमच्या दारात खोली मोजायचं मापक खिशात घेऊन दुसरं एखादं नवं जोडपं उभं राहील आणि तुम्ही आधीचे मालक असाल. म्हणून गाडी घरी आली, की त्याच संध्याकाळी एक फाइल उघडा. तिच्यात तारीख, मैल आणि काम लिहा, पावती लावा आणि चारही टायरची खोली नोंदवा. ती फाइल आहे तोवर तुमची गाडी तुम्हाला कळते आणि विकताना तिच्यामुळेच चार पैसे जास्त येतात.